चार महिने धबधबे, आठ महिने कातळ

सांताक्रूझच्या वेधशाळेत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरी सुमारे 2300 मिलिमीटर पाऊस नोंदला जातो. सपाट जमिनीवर पडलेलं हे पाणी जागच्या जागी साठलं असतं, तर उंच माणसाच्याही डोक्यावरून गेलं असतं. ऑक्टोबरात परतीच्या पावसाच्या काही सरी येतात आणि त्यानंतर पुढच्या मृगापर्यंत आभाळ जवळजवळ कोरडं राहतं. वर्षाचं सगळं पाणी एका तृतीयांश वर्षात पडून जातं.

हा हिशेब सर्वांत उघडा दिसतो तो मुंबई उपनगरांच्या मधोमध उभ्या असलेल्या डोंगरांवर. त्यांच्या पश्चिमेला गोरेगाव, मालाड, कांदिवली, बोरिवली आणि दहिसर. पूर्वेला विक्रोळी, भांडुप, मुलुंड. ईशान्येला ठाण्याचं येऊर आणि उत्तरेला वसईची खाडी. यातला सुमारे 104 चौरस किलोमीटरचा भाग आज संजय गांधी राष्ट्रीय उद्यान म्हणून राखलेला आहे. जुलैत इथल्या प्रत्येक घळीतून पाणी कोसळत असतं. मार्चमध्ये त्याच घळीत तापलेले दगडगोटे आणि सुकलेला पाचोळा असतो. झाडं पानं टाकून उभी असतात, गवत वाळून पिवळं पडतं आणि वणव्याची भीती सुरू होते.

याला वाळवंट म्हणणं अर्थातच खरं नाही. पण इथे बारा महिने राहायचं ठरवलं, तर वाळवंटी डोंगरांत राहणाऱ्या माणसांना जो प्रश्न पडतो तोच इथेही पडतो. पडलेलं पाणी किती दिवस टिकवता येईल? गेल्या दोन हजार वर्षांत या डोंगरावर जे कोणी टिकले, त्यांनी या प्रश्नाचं उत्तर आपापल्या परीने शोधलं. ज्यांनी तो प्रश्नच विचारला नाही, त्यांना डोंगराने दर पावसाळ्यात त्याची आठवण करून दिली.

पाणी न धरणारा खडक

हे डोंगर ज्वालामुखीने घडवले. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्ह्याचे थरांवर थर पसरले. मुंबई परिसरातले ज्वालामुखी खडक त्या घडामोडीच्या शेवटच्या टप्प्यातले मानले जातात. त्यामुळे इथे नुसता काळा बेसॉल्ट नाही. राखेचे थर आहेत, फिकट रंगाचे रायोलाइट आणि ट्रॅकाइट आहेत, आणि दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळात उथळ पाण्यात साचलेल्या गाळाचे थरही आहेत. वरळीच्या अशाच थरांत बेडकांचे जीवाश्म सापडले आहेत. हे सगळे थर पश्चिमेकडे, म्हणजे अरबी समुद्राच्या दिशेने कललेले आहेत.

पाण्याच्या दृष्टीने बेसॉल्ट हा कंजूष खडक. वाळूच्या खडकात कणाकणांमध्ये पाणी मुरतं, तसं बेसॉल्टच्या अंगात मुरत नाही. लाव्ह्यातले वायू निसटताना त्यात पोकळ्या राहतात हे खरं, पण त्या बहुतेक वेळा एकमेकींना जोडलेल्या नसतात आणि पुढे झिओलाइटसारख्या खनिजांनी भरूनही जातात. पाण्याला वाट मिळते ती फक्त भेगांतून. या भेगा कशा असतात ते पाहायचं असेल तर अंधेरी पश्चिमेच्या गिल्बर्ट हिलपाशी जावं. सुमारे 61 मीटर उंचीचा हा काळा कडा उभ्या बहुकोनी खांबांचा बनला आहे. जाड लाव्हा थंड होताना आकसला आणि आटलेल्या तळ्याच्या तळाला भेगा पडाव्यात तसा तडकत गेला. मोठ्या डोंगरात अशाच भेगांमधून पावसाचं पाणी खाली उतरतं. वाटेत मातकट, अभेद्य थर लागला की ते आडवं सरकतं आणि उतारावर जिथे तो थर उघडा पडलेला असेल तिथून झऱ्याच्या रूपाने बाहेर येतं. म्हणून इथले झरे डोंगरभर विखुरलेले नसतात. दोन थरांच्या सांध्यावरच ते सापडतात, आणि त्यांतले बहुतेक उन्हाळा लागेपर्यंत क्षीण होतात किंवा आटतात.

डोंगर फार उंच नाही. उद्यानातलं सर्वांत उंच शिखर, जांभूळमाळ, साडेचारशे मीटरच्या थोडं वर आहे. पण समुद्र इतका जवळ आहे की शिखरावर पडलेल्या थेंबाला खारं पाणी गाठायला काही तास पुरतात. थोडी उंची, तीव्र उतार, बंद खडक आणि जवळची खाडी या चारही गोष्टी पाण्याला घाई करायला लावणाऱ्या आहेत.

चार नद्या आणि पुष्कळ नाले

मुंबईकर ज्यांना नाले समजून नाक दाबून ओलांडतात, त्यांतल्या चार मूळच्या नद्या आहेत आणि त्या चारही याच डोंगरात जन्मतात. दहिसर नदी तुळशी तलावाच्या बाजूने निघते, उद्यानातून वाहत बोरिवली-दहिसरच्या वस्तीत शिरते आणि सुमारे 12 किलोमीटरचा प्रवास करून मनोरीच्या खाडीला मिळते. पोयसर नदी उद्यानातून कांदिवलीत उतरते. ओशिवरा आरेच्या टेकड्यांतून निघून गोरेगाव-जोगेश्वरीच्या मधून मालाडच्या खाडीकडे जाते. मिठी विहार तलावाच्या सांडव्यापासून सुरू होते, वाटेत पवईचं जादा पाणी घेते आणि जवळजवळ 18 किलोमीटर वाहून माहीमच्या खाडीत संपते.

पूर्वेकडे मात्र असं नाव मिळवलेली नदी नाही. मुलुंड आणि भांडुपच्या बाजूला उतार उभा आहे आणि ठाण्याची खाडी जवळ आहे. पाण्याला एकत्र येऊन नदी व्हायला पुरेशी जागाच मिळत नाही. डोंगरातून सुटलेले ओहोळ थेट नाले होऊन रेल्वेमार्गांखालून खाडीकडे जातात. घाटकोपर-असल्फाच्या टेकड्या मुख्य डोंगरापासून तुटलेल्या आहेत. त्यांच्या डोक्यावर पाणी धरणारं जंगल फारसं उरलेलं नाही, त्यामुळे तिथे पाऊस पडला की पाणी आणि माती एकदमच खाली येतात.

या नद्यांचा स्वभाव समजून घेण्यासारखा आहे. त्यांना हिमशिखरं नाहीत, मोठं पाणलोट क्षेत्र नाही. पावसाळ्यात त्या काही तासांत फुगतात आणि काही तासांत ओसरतात. जानेवारीनंतर त्यांच्या शहरातल्या पात्रात जे वाहताना दिसतं, ते बहुतांशी डोंगराचं पाणी नसतंच. ते सांडपाणी असतं. उद्यानाच्या आत दहिसर नदी स्वच्छ, दगडगोट्यांतून वाहणारी आणि बाहेर काळी का दिसते, याचं उत्तर या एका वाक्यात आहे.

कान्हेरीची पोढी

पाणी टिकवण्याचं इथलं सर्वांत जुनं आणि सर्वांत हुशार उत्तर कान्हेरीला आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून पुढे सुमारे हजार वर्षं बौद्ध भिक्षूंनी या टेकडीत शंभराहून अधिक लेणी खोदली. पर्यटक तिसऱ्या क्रमांकाचं भव्य चैत्यगृह पाहतात, उंच बुद्धमूर्तींपाशी फोटो काढतात आणि परततात. पण या वसाहतीचा खरा कणा लेण्यांच्या अंगणात, बाजूच्या कोनाड्यात, पायऱ्यांच्या कडेला दडलेला आहे. तो म्हणजे पाण्याची टाकी. शिलालेखांत त्यांना पोढी म्हटलं आहे.

बौद्ध भिक्षूंनी पावसाळ्यात फिरती थांबवून एके ठिकाणी राहावं, हा वर्षावासाचा नियम. नुसत्या वर्षावासासाठी राहायचं तर डोंगरात एक कोरडी गुहा पुरते, कारण पाणी दाराशीच कोसळत असतं. प्रश्न येतो तो कार्तिकानंतर. बारमाही वस्ती करायची, विद्यार्थी ठेवायचे, पाहुण्या व्यापाऱ्यांची सोय करायची, तर आठ महिन्यांचं पाणी हाताशी हवं. काही वर्षांपूर्वी अभ्यासकांना उद्यानाच्या हद्दीत आणखी सात लहान लेणी आढळली. त्यांच्यात पाण्याची टाकी नाहीत. ती कान्हेरीच्या आधीची, पावसाळ्यापुरत्या निवाऱ्याची असावीत, असा तर्क अभ्यासकांनी मांडला तो प्रामुख्याने याच आधारावर. थोडक्यात, या डोंगरावरचा मुक्काम हंगामी होता की कायमचा, ते टाकं सांगतं.

कान्हेरीचा खडक या कामाला सोयीचा होता. ज्वालामुखीच्या स्फोटात उडालेले दगडांचे तुकडे आणि राख एकत्र घट्ट होऊन बनलेला हा खडक आहे. तो कठीण बेसॉल्टपेक्षा छिन्नीला लवकर दाद देतो. टेकडीचा माथा उघडा, कातळाचा आणि उतरता आहे. म्हणजे पाणी गोळा करायला तयार छप्परच. त्या कातळात अरुंद पन्हळी खोदून पाणी हव्या त्या दिशेला वळवलं जाई आणि खालच्या टाक्यांत सोडलं जाई. बऱ्याच टाक्यांचं तोंड लहान, चौकोनी आणि आत पोकळी मात्र रुंद, कातळाच्या पोटात शिरलेली. त्यामुळे पाण्यावर ऊन पडत नाही. बाष्पीभवन कमी होतं, शेवाळ कमी धरतं आणि पाणी थंड राहतं. टेकडीशेजारच्या ओढ्यावर बांध घालून पाणी अडवल्याचे अवशेषही इथे नोंदले गेले आहेत.

हिशेब करून पाहिला की या योजनेची ताकद कळते. तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि दोन मीटर खोल अशा मध्यम टाक्यात 18,000 लिटर पाणी मावतं. पिण्यासाठी आणि जुजबी वापरासाठी माणशी रोज 10 लिटर धरले, तर 240 कोरड्या दिवसांसाठी एका भिक्षूला 2,400 लिटर लागतील. म्हणजे एवढं एक टाकं सात जणांना पुरतं. आणि ते भरायला किती कातळ लागतो? 2300 मिलिमीटर पावसात एका चौरस मीटरवर 2,300 लिटर पाणी पडतं. निम्मं वाया गेलं असं मानलं तरी पंधरा-सोळा चौरस मीटरचा कातळ, म्हणजे आजच्या फ्लॅटमधल्या एका बऱ्यापैकी खोलीएवढी जागा, पुरेशी आहे. कान्हेरीच्या माणसांनी हे ओळखलं होतं की इथे पावसाची तूट नाही, साठवणुकीची आहे.

टाकं खोदून देणं हे पुण्याचं काम होतं, म्हणून देणाऱ्यांची नावं कोरली गेली. कान्हेरीच्या दात्यांत कल्याण, सोपारा, चेऊल आणि नाशिक इथले लोक आहेत. सोपारा आणि कल्याण ही दोन्ही व्यापारी बंदरं या डोंगराच्या दोन बाजूंना होती. कल्याणच्या सामिदत्त नावाच्या सोनाराने दिलेल्या पोढीचा लेख इथे आहे. दुसरा एक लेख तर राजकीय इतिहासाच्या पुस्तकांत गेला आहे. तो सांगतो की वासिष्ठीपुत्र सातकर्णी या सातवाहन राजाच्या राणीचा विश्वासू अमात्य सतेरक याने पाण्याचं टाकं दान केलं. ती राणी कार्दमक वंशातली, एका महाक्षत्रपाची मुलगी. सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रप ही पिढ्यान्‌पिढ्या लढणारी दोन घराणी. त्यांच्यात सोयरीक झाली होती, याचा सर्वांत महत्त्वाचा पुरावा बोरिवलीच्या डोंगरातल्या एका पाण्याच्या टाक्यावर मिळतो.

ही परंपरा कान्हेरीपुरती नाही. अंधेरी पूर्वेच्या महाकाली लेण्यांतही टाकी आहेत. पुढे सह्याद्रीतल्या गडांवर हेच तंत्र अधिक मोठ्या प्रमाणावर वापरलं गेलं. गड जिंकायला दारूगोळा लागे, पण गड राखायला टाकं लागे. आजही ट्रेकर मंडळी गडावर मुक्काम ठरवताना आधी पिण्याच्या पाण्याचं टाकं कुठे आहे, ते विचारतात.

जगातले सोयरे

खऱ्या वाळवंटी डोंगरांत हेच शहाणपण वेगवेगळ्या रूपांत दिसतं. अमेरिकेत अ‍ॅरिझोनाच्या सोनोरन वाळवंटात ‘तिनाहास आल्तास’ नावाची एक डोंगररांग आहे. तिथे पावसाचं पाणी कातळातल्या नैसर्गिक खळग्यांत, एकाखाली एक अशा कुंडांत साठतं. ज्या वाटेला प्रवाशांनी सैतानाची वाट असं नाव दिलं, त्या वाटेवरच्या माणसांचं जगणं-मरणं या कुंडांतल्या पाण्यावर ठरत असे. आफ्रिकेतल्या चाड देशात एनेदी पठाराच्या घळीत असाच एक डोह आहे. चारी बाजूंना सहारा, मधे उंटांच्या तांड्यांची तहान भागवणारं काळसर पाणी, आणि त्या पाण्यात हजारो वर्षांपूर्वीच्या हिरव्या सहारातून मागे राहिलेल्या मगरींचा छोटासा वंश. आपल्या पवई आणि विहार तलावांतही मगरी आहेत हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटतं. पण जिथे बारमाही पाणी टिकतं, तिथे जीव चिकटून राहतो.

जॉर्डनमधलं पेट्रा तर कान्हेरीचा समकालीन भाऊबंद. नाबातियन लोकांनी वालुकाश्मात घरं, थडगी कोरली तशीच पावसाचं पाणी धरणारी टाकी आणि ते वाहून नेणारे चर कोरले. त्यांच्याकडे वर्षाला पडणारा पाऊस आपल्याकडच्या एखाद्या जोरदार दिवसाइतका. तरीही त्यांनी व्यापारी शहर उभं केलं. त्यांच्या तुलनेत साल्सेट बेटावरचा आपला हा डोंगर कुबेर आहे. फरक एवढाच की गरिबाला काटकसर शिकावीच लागते, कुबेराला ती मुद्दाम शिकावी लागते.

तुळशी, विहार, पवई

एकोणिसाव्या शतकात मुंबई शहराची तहान विहिरी आणि तलावांनी भागेना. पाऊस ओढ देई त्या वर्षी विहिरी तळाला जात आणि पाण्यावरून शहरात हाहाकार माजे. अखेरीस इंग्रज सरकारची नजर साल्सेटच्या या डोंगरांकडे गेली. हेन्री कॉनिबेअर या अभियंत्याच्या योजनेनुसार मिठीच्या वरच्या खोऱ्यात बांध घालून विहार तलाव बांधला गेला. काम 1856 मध्ये सुरू झालं आणि 1860 मध्ये पूर्ण झालं. मुंबईला नळाने मिळालेलं पहिलं पाणी ते हेच. तलाव डोंगरात उंचावर असल्याने पाणी उताराच्या जोरावर वीसेक किलोमीटर दूरच्या शहरापर्यंत पोचू शकत होतं.

विहारही पुरेना, तेव्हा त्याच्या वर तुळशी तलाव झाला. 1872 पासून काम सुरू होऊन 1879 मध्ये तो पूर्ण झाला. तासो नदीचं पाणी अडवून त्यातलं काही विहारकडे वळवण्यात आलं. पूर्ण भरल्यावर तुळशीची पातळी विहारपेक्षा सुमारे 59 मीटरने उंच असते. 1891 मध्ये त्यांच्या खाली पवई तलाव झाला. डोंगरातलं पाणी असं एकाखाली एक तीन पायऱ्यांवर थांबवलं गेलं. कल्पना कान्हेरीचीच होती, माप फक्त बदललं: टाक्याच्या जागी धरण आलं आणि कातळाच्या पन्हळीच्या जागी अख्खं खोरं.

तुळशीची साठवण क्षमता 8,046 दशलक्ष लिटर आहे आणि पाणलोट क्षेत्र जेमतेम 6.76 चौरस किलोमीटर. एवढ्याशा जागेवर 2300 मिलिमीटर पाऊस धरला, तर पंधरा हजार दशलक्ष लिटरांहून जास्त पाणी पडतं, म्हणजे तलाव जवळजवळ दोनदा भरेल इतकं. म्हणूनच जुलैत ‘तुळशी तलाव भरून वाहू लागला’ ही बातमी बहुतेक वर्षी मुंबईकरांना लवकर वाचायला मिळते. विहारची क्षमता 27,698 दशलक्ष लिटर.

मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात तलावांची एकत्र क्षमता 14,47,363 दशलक्ष लिटर आहे. त्यात तुळशी आणि विहार मिळून वाटा अडीच टक्क्यांच्या आत. उरलेलं पाणी तानसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा आणि भातसा इथून, ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांतून शंभरेक किलोमीटरचा प्रवास करून येतं. पण हा अडीच टक्के वाटा स्वस्त आहे, जवळचा आहे आणि जंगलाने गाळून दिलेला आहे. जंगलाचं मोल कळायला पवईकडे पाहावं. त्याच डोंगराचं पाणी, तोच पाऊस. पण पाणलोटात वस्ती, बांधकामं आणि सांडपाणी आलं, आणि पवईचं पाणी पिण्यालायक राहिलं नाही. सुमारे 545 कोटी लिटरचा हा तलाव आज पिण्याखेरीज इतर वापरासाठी आहे, आणि त्याच्या अंगावर पसरलेली जलपर्णी काढण्याचं काम दरवर्षी नव्याने करावं लागतं.

जंगल नावाचं टाकं

खडक पाणी धरत नाही, तर पावसाळा संपल्यावर ओढे लगेच का आटत नाहीत? कारण खडकावर माती आहे आणि मातीवर जंगल. पाचोळ्याचा थर पावसाचा मारा झेलतो. मुळांनी सैल केलेल्या मातीत पाणी मुरतं आणि हळूहळू भेगांकडे उतरतं. पावसाळा संपल्यानंतरही काही आठवडे, कधी काही महिने ओढ्यात दिसणारी बारीक धार ही जंगलाने मागे ठेवलेली बाकी असते.

उतारांवरच्या कारवीचं काम यात मोठं आहे. आठ वर्षांतून एकदा फुलणारं हे झुडूप 2016 मध्ये आणि मग 2024 मध्ये बोरिवलीच्या डोंगरांवर फुललं, तेव्हा जांभळे उतार पाहायला गर्दी झाली. उरलेली सात वर्षं कारवी दाटीने उभी राहून माती धरून ठेवते आणि पाण्याचा वेग तोडते.

एप्रिल-मेमध्ये मात्र ही बाकीही संपत येते. मग सगळं जंगल मोजक्या डोहांभोवती गोळा होतं. वनखातं कृत्रिम पाणवठ्यांत पाणी भरतं. महाराष्ट्रातल्या जंगलांत बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावरचे प्राणी मोजण्याची पद्धत आहे, तीही याच तर्काची: उन्हाळ्यात पाण्यापाशी यावंच लागतं. बिबट्याला, सांबराला आणि चितळालाही.

आणि माणसालाही. उद्यानात आणि आरेत वारली, मल्हार कोळी, कोकणा समाजांचे पाडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. झरा कुठे फुटतो, कोणत्या डोहात मे महिन्यातही पाणी सापडतं, पावसाआधी कोणता ओढा मोकळा करायचा, हे ज्ञान या पाड्यांत आहे. शहराला पहिलं नळाचं पाणी देणाऱ्या तलावांच्या शेजारच्या काही पाड्यांना मात्र नळासाठी फार वाट पाहावी लागली, आणि काहींची अजूनही संपलेली नाही.

डोंगराच्या पायथ्याशी

डोंगरावर थांबवलं नाही ते पाणी पायथ्याशी येतं. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी कुलाब्याला 75 मिलिमीटरसुद्धा झाला नाही. शहर एकच, पण दक्षिणेत नेहमीचा पावसाळी दिवस आणि उपनगरांत प्रलय. विहार आणि पवई दोन्ही भरून वाहत होते. मिठीचं पात्र भराव, वस्त्या आणि बांधकामांनी आवळलं गेलं होतं, त्यात समुद्राला भरती. पाणी कुर्ला, कलिना, सायनच्या घरांत शिरलं. त्यानंतर मिठी नदी विकास व संरक्षण प्राधिकरण स्थापन झालं आणि डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या सत्यशोधन समितीने पुराच्या कारणांचा सविस्तर अहवाल दिला. मुंबईकरांच्या बोलण्यात मिठी ही नदी म्हणून परत आली ती या पुरानंतर.

दुसरा धोका दरडींचा. जुलै 2000 मध्ये घाटकोपरच्या डोंगरउतारावरची वस्ती दरडीखाली गाडली गेली. 18 जुलै 2021 च्या पहाटे चेंबूरच्या भारतनगरात आणि विक्रोळीच्या सूर्यनगरात तेच घडलं. उतार कापून झोपड्या उभ्या राहतात, मुळं जातात, पाणी निघून जायला वाट ठेवलेली नसते. भिजून जड झालेली माती मग कातळावरून घसरते. घर मिळत नाही म्हणून माणूस डोंगरावर चढतो, हा प्रश्न भूगोलाचा नाही. पण त्याची शिक्षा भूगोल देतो.

आता डोंगराच्या पोटातही कामं सुरू आहेत. गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचे 4.7 किलोमीटरचे जुळे बोगदे आणि ठाणे-बोरिवलीमधले सुमारे 10 किलोमीटरचे जुळे बोगदे राष्ट्रीय उद्यानाखालून जातात. वरची झाडं वाचावीत म्हणून बोगद्याचा मार्ग निवडला गेला, हे चांगलंच. पण इथलं भूजल भेगांतून फिरतं, आणि बोगदा त्या भेगा छेदतो. गळती सिमेंटच्या द्रावणाने बंद करता येते. तरी वरच्या झऱ्यांचं, डोहांचं पाणी किती होतं आणि किती राहिलं, हे वर्षानुवर्षं मोजत राहायला हवं. मोजलेलंच नसेल, तर आटलेल्या झऱ्याची तक्रार कशाच्या आधारे करणार?

वाचकासाठी

या डोंगराने दोन हजार वर्षांत एकच गोष्ट पुनःपुन्हा सांगितली आहे. पाऊस इथे भरपूर आहे; तो थांबवणाऱ्याला पुरतो आणि न थांबवणाऱ्याला बुडवतो. भिक्षूंनी तो कातळात थांबवला, अभियंत्यांनी खोऱ्यात थांबवला, जंगल तो मातीत थांबवतं. उपनगरांनी मात्र काँक्रीट घालून त्याला आणखी वेगाने पळायला लावलं आणि शंभर किलोमीटरवरून नवं पाणी आणलं.

मुंबईत 2002 पासून मोठ्या भूखंडांवरच्या नव्या इमारतींना पावसाचं पाणी साठवण्याची किंवा मुरवण्याची व्यवस्था बंधनकारक आहे. 300 चौरस मीटरच्या गच्चीवर एका पावसाळ्यात सुमारे सात लाख लिटर पाणी पडतं. आपल्या सोसायटीतली ही व्यवस्था चालू आहे की फक्त नकाशावर आहे, हे पुढच्या सर्वसाधारण सभेत विचारा. आपल्या गल्लीतला नाला कोणत्या नदीचा, ती कोणत्या डोंगरातून येते, हे मुलांना दाखवा. आणि कान्हेरीला गेलात तर चैत्यगृह पाहून झाल्यावर जरा वर चढा, कातळातल्या पन्हळी शोधा आणि पोढीत बाटल्या टाकू नका. त्यांतल्या अनेक पोढी आजही दर पावसाळ्यात भरतात.